खडकीच्या काडतुसाचे माहेर

ग्वाल्हेरच्या एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. अक्षर वळणदार, आणि पहिली दीड पाने सासऱ्यांच्या आठवणींची. सासरे गेल्या वर्षी वारले. भिंडकडे त्यांची थोडी शेती होती. नीलगाई आणि रानडुकरे पिकात शिरत, वाटेत चोराचिलटांचे भय. म्हणून त्यांनी तरुणपणी रीतसर परवाना काढून एक रायफल घेतली होती. "आमच्याकडे तिला सगळे 'तीन सौ पंद्रह' म्हणतात," असे या बाई लिहितात. रायफल कपाटात असते. मात्र तिच्या चार-पाच रिकाम्या पुंगळ्या घरभर फिरत असतात. धाकटा नातू त्यांत फुंकर मारून शिट्टी वाजवतो. अशीच एक पुंगळी त्याच्या हातातून काढून घेताना बाईंनी तिच्या बुडावरची इंग्रजी अक्षरे पाहिली : '८ एमएम' आणि 'केएफ'.

बाईंना प्रश्न पडला. बंदूक ३१५ची, मग हे आठ कुठून आले? केएफ म्हणजे काय? घरातला खरा वाद मात्र पत्राच्या शेवटी येतो. यजमान म्हणतात, विकून मोकळे होऊ. दीर म्हणतात, वडिलांची निशाणी आहे, घराबाहेर जाणार नाही. "भाऊ, ही वस्तू आमच्या घरात मुळात आली कुठून आणि आता तिचे करायचे काय, एवढे सांगाल का?"

ताई, सांगतो. उत्तर थोडे लांबचे आहे, आणि त्यासाठी ऑस्ट्रियापर्यंत जावे लागेल.

आठ आणि तीनशे पंधरा

आधी सोपे गणित. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. ३१५ बोअर म्हणजे एका इंचाचे ३१५ हजारांश. एका इंचात २५.४ मिलिमीटर. गुणाकार करा, उत्तर येते बरोबर आठ मिलिमीटर. तेव्हा ८ आणि ३१५ ही एकाच मापाची दोन नावे, एक मेट्रिक पद्धतीतले आणि दुसरे इंग्रजी.

'केएफ' तर आपल्या अगदी घरचे. के म्हणजे किर्की, आपली पुण्याची खडकी. एफ म्हणजे फॅक्टरी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. माझे एक मामा तिथे नोकरीला होते. सकाळी डबा घेऊन सायकलवर जायचे, संध्याकाळी यायचे, आणि कामाविषयी घरात एक अक्षर बोलायचे नाहीत. "मामा, तुम्ही काय बनवता?" असे विचारले की म्हणायचे, "पगार." देशभरच्या कज्जे-खटल्यांच्या निकालपत्रांत '८ एमएम केएफ' ही अक्षरे किती वेळा येतात हे त्यांना ठाऊक होते की नाही, कोण जाणे. कारण उत्तरेत कुठे गोळी चालली की पंचनाम्यात पुष्कळदा हीच पुंगळी सापडते.

इथपर्यंत सारे देशी आहे. पण या काडतुसाचा आराखडा मात्र देशी नाही, आणि इंग्रजी तर मुळीच नाही. हे माप, ही लांबी, बुडाची ही बाहेर आलेली कड, सारे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशाही फौजेचे. जाणकार त्याला '८ बाय ५० मॅनलिकर' म्हणतात. आठ हे गोळीचे माप आणि पन्नास ही पुंगळीची मिलिमीटरमधली लांबी. आणि मॅनलिकर? ते होते एक रेल्वे इंजिनिअर. ('मॅनलिकर' हा आपल्याकडच्या शिकाऱ्यांचा उच्चार. त्यांच्या देशात म्हणतात मानलिशर. आपण आपलाच ठेवू.)

उभे राहून मेलेले शिपाई

३ जुलै १८६६. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, क्योनिगग्रेट्झ गावाजवळ ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्या फौजा समोरासमोर आल्या. ऑस्ट्रियन शिपायाच्या हातातली बंदूक चांगली होती, नेम लांबवर जाई. पण ती तोंडाकडून भरायची. दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीसारखेच. आणि ठासायचे म्हणजे उभे राहणे आले.

प्रशियाच्या शिपायाजवळ ड्रायझे नावाच्या कारागिराने बनवलेली रायफल होती. ती मागून भरायची. दाराला आपण आडवा बोल्ट लावतो ना, तसाच एक पोलादी दांडा नळीच्या मागे. मूठ वर उचलायची, दांडा मागे ओढायचा, काडतूस ठेवायचे, दांडा पुढे ढकलायचा, मूठ खाली पाडायची. 'बोल्ट-ॲक्शन' या शब्दाचा अर्थ एवढाच. ती बंदूक नेमात काही फार थोर नव्हती, पण झाडाआड पालथे पडून भरता येत होती. समोरचा एकदा ठासेपर्यंत प्रशियन चारदा झाडून मोकळा!

संध्याकाळपर्यंत ऑस्ट्रियाच्या बाजूची मेलेली, जखमी झालेली आणि कैद झालेली माणसे चाळीस हजारांवर गेली. प्रशियाची होती सुमारे नऊ हजार. पराभवाची कारणे इतरही होती, सेनापतींच्या चुका होत्या. पण व्हिएन्नाच्या गल्लीबोळांत एकच बोलणे राहिले : आमच्या पोरांना उभे राहून मरावे लागले.

फर्डिनांड मॅनलिकर त्या वेळी अठरा वर्षांचे होते, आणि जन्माने बोहेमियाचेच.

नदीकाठचे लोखंडी गाव

मॅनलिकर यांच्याकडे वळण्यापूर्वी एका गावात डोकावू. एन्स आणि श्टायर या दोन नद्यांच्या संगमावर श्टायर नावाचेच टुमदार गाव आहे. जवळच्या डोंगरातून लोखंड यायचे, नद्यांच्या पाण्यावर घण चालायचे. गाव शेकडो वर्षे सुऱ्या, विळे, खिळे आणि हत्यारे घडवत आले. संगीताच्या चाहत्यांना हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. १८१९ सालच्या उन्हाळ्यात शूबर्ट इथे मुक्कामाला होता आणि 'ट्राउट' नावाने गाजलेली आपली रचना त्याला इथेच सुचली.

या गावात बंदुकीचे सुटे भाग घडवणारे वेर्न्डल घराणे होते. वडील कॉलऱ्याने गेले आणि कारखाना जोसेफ वेर्न्डल या मुलाच्या हाती आला. मुलगा खटपट्या. तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या मोठ्या कारखान्यांत डोळे उघडे ठेवून फिरला. तिथे त्याने पाहिले की बंदुकीचा प्रत्येक भाग यंत्रावर इतका एकसारखा काढतात की एकीचा चाप दुसरीला बसतो. युरोपात तोवर कारागीर कानस घेऊन बसे आणि भाग घासून घासून जुळवी. म्हणजे एक भाग मोडला की साऱ्या बंदुकीची दुरुस्ती.

क्योनिगग्रेट्झच्या पराभवानंतर बादशहाला घाईघाईने नव्या बंदुका हव्या होत्या. वेर्न्डल यांचा नमुना १८६७ साली पसंत झाला आणि लाखोंची मागणी आली. १८६९ साली त्यांच्या कारखान्याची मोठी कंपनी झाली. हेच आपल्या खडकीचेही साल! दोन्ही कारखान्यांचा त्या वेळी एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण योगायोग नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

वेर्न्डल हा माणूस मला आवडतो. पैसा बंदुकांतून आला हे खरेच. पण त्याने कामगारांसाठी घरे बांधली, पोहण्याचा तलाव बांधला, आणि १८८४ साली मोठे प्रदर्शन भरवून गावाचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. वीज नदीच्या पाण्यावर तयार केलेली. युरोपातल्या भल्या भल्या शहरांत तेव्हा रस्त्यावर गॅसबत्त्या होत्या. गावात त्याचा पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी कामगारांचे पुतळे आहेत.

जत्रेतली भिंगरी

आता मॅनलिकर. रेल्वेत नोकरी, डोक्यात बंदुका. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे ते गेले आणि एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली पाहून परतले. त्यानंतर त्यांनी नमुन्यांमागून नमुने केले. बहुतेक श्टायरच्या कारखान्यात घडले.

त्यांच्या दोन कल्पना सांगण्यासारख्या आहेत.

पहिली भरण्याची. पूर्वी एकेक काडतूस सुटे भरावे लागे. मॅनलिकर यांनी पाच काडतुसे पत्र्याच्या एका छोट्या पकडीत, म्हणजे क्लिपमध्ये, अडकवली आणि अख्खी क्लिपच बंदुकीच्या पोटात सारली. पाचवे काडतूस नळीत गेले की रिकामी क्लिप खालच्या भोकातून आपोआप गळून पडते. थंडीने हात गारठले आहेत, समोरून गोळ्या येत आहेत, अशा वेळी पाच सुटी काडतुसे चिमटीत धरणे आणि एक पकड सारणे यात जगण्या-मरण्याचे अंतर होते.

दुसरी कल्पना बोल्टची. वर सांगितल्याप्रमाणे साध्या बोल्टच्या चार हालचाली : वर, मागे, पुढे, खाली. मॅनलिकर यांनी त्या दोनच केल्या. सरळ मागे, सरळ पुढे. मूठ फिरवायचीच नाही. मग नळीचे दार कुलूपबंद कसे होणार? ताई, जत्रेत एक खेळणे मिळते. पिळाची तार, तिच्यावर एक नळकांडे आणि टोकाला भिंगरी. नळकांडे सरळ वर सारले की भिंगरी गरगर फिरून आकाशात उडते. हात सरळच जातो, पिळामुळे चाक फिरते. १८९५ साली ऑस्ट्रियन फौजेने घेतलेल्या रायफलीत तेच आहे. हाताने दांडा सरळ ढकलायचा. आतल्या पिळदार खाचांमुळे दांड्याचे पुढचे डोके आपोआप फिरते आणि खोबणीत अडकून घट्ट बसते.

किती साधे! पण फुकट काहीच मिळत नाही. बरणीचे झाकण घट्ट बसले की नुसते ओढून निघत नाही, पिळावे लागते. मूठ फिरवणाऱ्या बंदुकीत चिकटलेली पुंगळी त्या पिळाने सैल होते. मॅनलिकरच्या रायफलीत ती नुसत्या जोराने ओढावी लागे. आणि क्लिप गळून पडण्याचे ते खालचे भोक? क्लिप बाहेर जाते, तसा चिखल आत येतो. कचेरीतल्या टेबलावर हे कुणाच्या ध्यानात आले नाही. पुढे खंदकांत आले.

आठ मिलिमीटरचा जन्म

काडतुसाची गोष्टही घाईतूनच जन्मली. १८८६ साली ऑस्ट्रियाने मॅनलिकरची पहिली रायफल घेतली, ती जुन्या जाड ११ मिलिमीटर गोळीची. त्याच वर्षी फ्रान्सने बिनधुराच्या दारूवर चालणारी आठ मिलिमीटरची रायफल काढली. बारीक गोळी, जास्त वेग, लांबचा पल्ला आणि धुराचा ढग नाही. साऱ्या युरोपच्या फौजा एका रात्रीत जुन्या झाल्या.

ऑस्ट्रियाने दोन वर्षांत, १८८८ साली, आपले आठ मिलिमीटरचे काडतूस काढले. बिनधुराची दारू हाती यायची होती, म्हणून सुरुवातीला दाबलेली काळी दारूच भरली. १८९०च्या सुमारास नवी दारू आली. ताई, तुमच्या नातवाच्या शिट्टीची ही जन्मकथा.

१८९५च्या नमुन्याच्या रायफली श्टायर आणि बुडापेस्ट इथे मिळून तीस लाखांवर तयार झाल्या. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्या ज्यांच्या हाती पडल्या ते शिपाई एका भाषेचे नव्हते. जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन, रुमानियन... एकमेकांचे बोलणे कळायचे नाही. म्हणून हुकमांचे ऐंशीएक जर्मन शब्द सर्वांना पाठ करायला लावत. बाकी सारे खुणांवर. इटलीच्या सरहद्दीवर इसोन्झो नदीच्या काठी तर एकाच टापूत बारा लढाया झाल्या. श्टायरच्या कारखान्यात त्या काळी दहा हजारांवर हात राबत होते. युद्ध संपले, साम्राज्य मोडले आणि १९१९च्या तहाने ऑस्ट्रियाच्या शस्त्रनिर्मितीवर कडक बंधने आली. बंदुकीवर जगणाऱ्या गावाने मग करायचे काय?

सायकली ते आधीपासूनच करत होते. १८९४ साली बंदुकांची मागणी घटली तेव्हा सुरू केलेल्या. नाव मोठे गमतीचे होते, 'वाफेनराड', म्हणजे शस्त्रसायकल! युद्धानंतर मोटारगाड्याही आल्या. पण मंदीत गाड्या कोण घेणार? तिसाव्या दशकात श्टायरमध्ये बेकारीने कहर केला आणि १९३४च्या फेब्रुवारीत गावाच्या कामगार वस्तीत गोळीबार झाला. पुढे हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि यंत्रे पुन्हा धडधडू लागली. १९४२पासून माउटहाउसेन छळछावणीची एक शाखा या गावातच होती. कैद्यांना कारखान्यात जुंपले जाई. वेर्न्डलने कामगारांसाठी तलाव बांधलेले हेच गाव.

साहेबांची शिकारी रायफल

या घराण्याची एक देखणी लेकही आहे, तिचा उल्लेख न करून चालणार नाही. श्टायरच्या कारखान्यातले ओटो श्योनाउअर यांनी काडतुसे ठेवायला फिरते मॅगझिन काढले. विहिरीवरच्या रहाटाला जसे पोहरे, तसे मधल्या फिरत्या दांड्याच्या खाचांत एकेक काडतूस. एक वर आले की पुढचे त्याच्या मागोमाग, कुठे घासणे नाही, अडकणे नाही. ग्रीसच्या फौजेने १९०३ साली ही साडेसहा मिलिमीटरची रायफल घेतली. तिचाच शिकारी अवतार साहेब लोकांत भलताच लाडका झाला. अक्रोडाचा दस्ता नळीच्या टोकापर्यंत गेलेला, बोल्टची मूठ लोण्याच्या सुरीसारखी चपटी, आणि पुष्कळदा चाप दोन. मागचा ओढला की पुढचा इतका हलका होतो की बोट टेकताच बार उडावा. 'बोल्ट लोण्यासारखा चालतो' असे तिचे वर्णन शिकारी करत.

या लोण्यात रक्त पुष्कळ मिसळले आहे. डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, हस्तिदंतासाठी. त्यांतले काही या बारीक गोळीच्या रायफलीने. नेमकी कवटीत कुठे मारायची याचा त्याने शास्त्रासारखा अभ्यास केला होता. जुन्या शिकारकथांत हे मोठ्या कौतुकाने सांगतात. आज वाचताना पोटात ढवळते. हेमिंग्वेच्या फ्रान्सिस मॅकोम्बरच्या कथेतही शेवटी बायको झाडते ती गोळी साडेसहाच्या मॅनलिकरची. ती नवऱ्याला लागते. चुकून की मुद्दाम, यावर वाचक अजून भांडतात.

आणि एक बदनामी या नावाला विनाकारण चिकटली. १९६३ साली अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या रायफलीला जगभरच्या वृत्तपत्रांनी 'मॅनलिकर-कार्कानो' म्हटले. ती रायफल इटलीची, तिथल्याच कारखान्यात बनलेली. मॅनलिकर यांची त्यात होती ती फक्त काडतुसांची क्लिप. ते स्वतः १९०४ सालीच वारले होते.

मग हे आपल्याकडे कसे?

आता मुद्द्यावर येतो. १८५७ विसरलेले नव्हते. १८७८ साली इंग्रज सरकारने शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येणार नाही, गोऱ्याला मात्र सूट. परवाना मिळाला तरी एक मेख होती. फौजेच्या मापाची बंदूक सामान्य माणसाला वर्ज्य. इंग्रजी फौजेची रायफल ३०३ बोअरची. तिचे काडतूस छावणीतून चोरीला गेले आणि बंडखोराच्या घरच्या बंदुकीत बसले तर? म्हणून त्या मापाची बंदूकच घरी असता कामा नये. शस्त्रापेक्षा काडतुसाला कुलूप, असा हिशेब.

पण शिकारीचा आणि पीकराखणीचा बाजार तर मोठा. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीसारख्या कारखानदारांना तो सोडवेना. त्यांच्याकडे ३०३ रायफलीची सारी यंत्रे तयार. तिच्यात बसेल असे परके काडतूस हवे होते. तेव्हा ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटरवर नजर गेली. त्याच्या बुडाला ३०३सारखीच बाहेर आलेली कड, जाडीही जवळपास तेवढीच. जुन्या इंग्रजी रायफलीला नळी आठ मिलिमीटरची बसवली, थोडे फेरफार केले, नाव दिले ३१५. आणि इंग्रजी फौजेचे एकही काडतूस त्यात चालत नाही! कायदाही खूश, दुकानदारही खूश.

म्हणजे पाहा. बंदूक इंग्रजी वळणाची, काडतूस ऑस्ट्रियन, आणि लग्न लावले ते आपल्याला निःशस्त्र ठेवणाऱ्या कायद्याने.

साहेब गेला. १९५९ साली आपला स्वतःचा शस्त्र कायदा आला. पण फौजेची मापे सामान्य माणसाला बंद, हे तत्त्व राहिले आणि ३१५ही राहिली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात पाच काडतुसांची ३१५ रायफल बनू लागली आणि काडतुसांवर खडकीचा शिक्का पडू लागला. (२०२१च्या ऑक्टोबरपासून हे सरकारी कारखाने वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले आहेत. खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे.)

गंमत याच्याही पुढे आहे. ऑस्ट्रियाने स्वतः १९३०च्या दशकात हे काडतूस मोडीत काढले. जुन्या रायफली ५६ मिलिमीटर लांबीच्या नव्या, जास्त ताकदीच्या काडतुसासाठी बदलून घेतल्या. फौजेचे जुने ५० मिलिमीटरचे काडतूस संग्राहकांपुरते उरले. माहेरी जिचे कुणी नाव काढत नाही, ती लेक भिंड-मुरैनाच्या गावागावांत नांदते आहे.

नांदते म्हणालो खरे, पण ते नांदणे सुखाचेच आहे असे नाही. उत्तर प्रदेश, बिहारच्या बातम्यांत 'तीन सौ पंद्रह बोर का कट्टा' हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकला असेल. तो कट्टा म्हणजे लोहाराने पाइपाच्या तुकड्यातून घडवलेले गावठी पिस्तूल. बंदूक गावठी घडवता येते, काडतूस घडवणे तितके सोपे नाही. म्हणून कट्टा त्याच मापाचा घडवतात ज्याचे काडतूस कुठून तरी मिळेल. परवानाधारकाच्या पेटीतून एखादे सरकते आणि कुठल्या तरी अंधाऱ्या गल्लीत वाजते. इंग्रजाला ३०३ची जी भीती होती, ती ३१५ने अशी खरी केली. सावज मात्र सरकार नाही, शेजारीच.

आणि लग्नाच्या वरातीतला तो हौशी बार! आकाशात झाडलेली गोळी आकाशात राहत नाही. गच्चीवरून वरात पाहणाऱ्या बायका-मुलांचे त्यात बळी गेले आहेत. २०१९ साली कायदा दुरुस्त झाला, तेव्हापासून अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

श्टायरचे पुढे काय झाले? कारखाना नावे बदलत टिकला. १९६९ साली त्यांनी ऑस्ट्रियन फौजेसाठी नेमबाजीची नवी बोल्ट-ॲक्शन रायफल काढली. तिचा दस्ता लाकडाचा नव्हता, प्लॅस्टिकचा होता. जुन्या शिकाऱ्यांनी नाके मुरडली. पण ओलाव्याने लाकूड फुगते आणि नेम हलतो, प्लॅस्टिकचे तसे नाही. पुढे जगाने तोच रस्ता धरला. आत मात्र श्योनाउअर यांचा तोच रहाट फिरत होता. आणि त्याच गावाच्या एका टोकाला 'क्रिस्टकिंडल' म्हणून छोटी वस्ती आहे. तिथल्या टपाल कचेरीत १९५० सालापासून नाताळच्या दिवसांत जगभरच्या मुलांची पत्रे येतात, बाळयेशूला लिहिलेली. बंदुकीचा कारखाना आणि ही टपाल कचेरी, दोन्ही एके काळी एकाच गावात होती!

ताई, आता तुमचे घर

ऐतिहासिक म्हणून या रायफलीचे मोल फारसे नाही. हजारोंतली ती एक आहे. तुमच्या दिरांना वाटते ते मोल वेगळे, त्यात मी पडत नाही. पण एक गोष्ट तातडीची आहे. परवाना सासऱ्यांच्या नावाचा होता. तो त्यांच्याबरोबर संपला. आज ती रायफल तुमच्या कपाटात आहे ती बिनपरवाना, मग घरात कुणाचा हेतू कितीही चांगला असो. वर्ष उलटले आहे, म्हणजे आणखी वेळ घालवू नका.

कायदा सांगतो की असे शस्त्र आणि काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावीत. जाण्यापूर्वी ठाण्याला कळवा, रायफल घेऊन परस्पर रस्त्यावर निघू नका. सोबत सासऱ्यांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला असू द्या. काडतुसे मोजा, रिकाम्या पुंगळ्याही मोजा, रायफलीचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहा, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. एकदा जमा झाली की घरचा वाद शांतपणे करायला सवड मिळते. दीर वारस म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करू शकतात. त्यांची चौकशी होईल, मिळेल किंवा मिळणार नाही. २०१९पासून एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा त्यांच्याकडे आधीची असतील तर तो हिशेबही आहेच. यजमानांचे म्हणणे मान्य झाले तर परवानाधारक माणसाला किंवा विक्रेत्याला रीतसर विकता येईल. ओळखीतल्या कुणाला 'ठेव रे तुझ्याकडे' म्हणून देणे, हा मात्र सरळ गुन्हा आहे.

पुंगळ्या नातवाकडून काढून घ्या. रडेल थोडा. ग्वाल्हेरला मेळा भरतो ना, तिथून त्याला एक शिट्टी आणून द्या, आणि मिळाली तर ती पिळाच्या तारेची भिंगरीही.